जुन्नर ते नाणेघाट: दोन दिवसांच्या पायी सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात पुण्याहून आम्ही या वाटेवर सात-आठ फेऱ्या काढतो. एका फेरीत जास्तीत जास्त १४ माणसं. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. नाव नोंदवण्याआधी एकदा वाचून घ्या. निदान गुडघ्यांचा आणि पाण्याचा भाग तरी सोडू नका.

ही वाट नेमकी कोणती?

सातवाहनांच्या काळात पैठण, म्हणजे तेव्हाचं प्रतिष्ठान, ही देशावरची मोठी पेठ. तिथला माल जुन्नरला यायचा, नाणेघाटातून कोकणात उतरायचा आणि कल्याण आणि सोपारा (आजचं नालासोपारा) या बंदरांतून गलबतांवर चढायचा. या लांबलचक वाटेचा सगळ्यात बोलका तुकडा आपण बघतो: जुन्नर, तिथली लेणी, घाटमाथा आणि खाली वैशाखरे. माथा पुणे जिल्ह्यात, पायथा ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात. मधली उतरंड आजही पायीच उतरावी लागते आणि तिथे दगडात खोदलेल्या पायऱ्या अजून आहेत.

म्हणजे हा महाराष्ट्राचा 'सिल्क रूट' का?

जाहिरातीत तसं लिहिलं तर जागा लवकर भरतील, असं आमच्यातल्याच एकाचं म्हणणं आहे. पण या भागातून बाहेर जायचं ते कापड आणि दगड. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवलेली बंदरांची माहिती आज 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाते. त्यात पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून मलमल व साधं कापड गाड्यांत भरून गुजरातेतल्या भडोचला जातं असं म्हटलंय. भडोचहून पैठण २० दिवसांवर आणि तिथून तेर पूर्वेला आणखी १० दिवसांवर, हा हिशोबही त्याने दिलाय.

त्याच मजकुरात कल्याणबद्दल एक मजेदार नोंद आहे. पूर्वी हे बंदर रीतसर खुलं होतं, पण आता तिथे अडवणूक होते. एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे लागलंच, तर पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. भडोचकडे राज्य करणारे शक राजे, म्हणजे क्षत्रप, आणि सातवाहन यांच्यात व्यापारावरून जी ओढाताण चालली होती, तिचे चटके खलाशांनाही बसत होते. तेव्हा आपल्या वाटेला आपलंच नाव पुरे. नाणेघाट हे काय वाईट नाव आहे?

दोन दिवसांत काय काय होतं?

शनिवारी पहाटे साडेपाचला शिवाजीनगरहून निघतो. साडेपाच म्हणजे साडेपाचच, कारण चाकणच्या चौकात सातनंतर काय होतं ते नाशिक रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही विचारा. नारायणगावला मिसळ. तिथून जुन्नर. सकाळी तुळजालेणी, मग लेण्याद्री, दुपारी जेवण आणि थोडा आराम. चारच्या सुमाराला चावंडच्या पायथ्याजवळ पूर गावात कुकडेश्वराचं देऊळ. हे सातवाहनांनंतर कित्येक शतकांनी बांधलेलं आहे, पण कुकडी नदीचा उगम तिथलाच आणि संध्याकाळचं ऊन त्या कोरीव दगडांवर असं काही पडतं की गाडी पुढे काढवत नाही. मुक्काम घाटघरला.

रविवारी सहाला नाणेघाट, दोन तास लेण्यात आणि आसपास, मग घाट उतरायचा. गाडी तोवर माळशेजमार्गे वळसा घालून वैशाखऱ्याला येते. परतीचा रस्ताही माळशेजचाच.

लेण्याद्री तर अष्टविनायकात येतं. मग ही धार्मिक सहल आहे का?

नाही. दर्शन घ्यायला वेळ देतो, तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आल्यावर कोण नको म्हणेल! पण गिरिजात्मजाचं देऊळ ज्या दालनात आहे तो मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार, भोवतीच्या खोल्या त्यांच्या राहण्याच्या. शेजारीच चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं सभागृह आहे. भाविकांची रांग त्याच्यासमोरून जाते आणि क्वचितच कुणी मान वळवतं. आपण तिथे अर्धा तास थांबतो.

तुळजालेणीत गर्दी नसते. तिथलं चैत्यगृह गोल आहे: बारा साधे खांब वर्तुळात उभे, मधे स्तूप, वर घुमट. कार्ल्या-भाज्याची लांबट चैत्यगृहं बघितलेल्या माणसाला इथे आत पाऊल टाकल्यावर क्षणभर कळतच नाही की हे काय वेगळं आहे.

शिवनेरी का नाही?

शिवनेरीला पूर्ण दिवस हवा. महाराजांचा जन्म १६३० चा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे मराठा किल्ले गेले, त्यात शिवनेरी आहे. अशा ठिकाणी घाईघाईत दीड तासात वरखाली करणं आम्हाला पटत नाही. तिथल्या कड्यातली सातवाहनकालीन लेणी खालून दाखवतो, गोष्ट सांगतो आणि पुढे निघतो.

गोष्ट म्हणजे ते ग्रीक लोक? जुन्नरला खरंच ग्रीक होते?

जुन्नरच्या लेण्यांत 'यवन' म्हणवणाऱ्या तीन माणसांची दानं कोरलेली आहेत. यवन हा शब्द तेव्हा ग्रीकांसाठी आणि सैलपणे पश्चिमेकडून आलेल्या इतरांसाठीही वापरत. त्यातल्या इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. चंद नावाच्याने गाभाऱ्याचं दार.

पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. हा शब्द आजच लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. समुद्रापलीकडून आलेला माणूस, डोंगरातल्या भिक्खूंना आणि वाटसरूंना द्यायचं तर काय द्यावं याचा विचार करतो आणि पाणी देतो. एप्रिलमध्ये जुन्नरला एकदा जाऊन या, तो किती शहाणा होता ते कळेल.

याच लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचं नाव येतं, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचेही उल्लेख आहेत. श्रेणी म्हणजे धंदेवाल्यांची संघटना, आणि बऱ्याचदा आपल्या पतपेढीसारखंच काम करणारी.

नाणेघाटाच्या लेण्यात नक्की काय बघायचं? फोटोत तर रिकामी खोली दिसते.

खोली रिकामीच आहे. म्हणूनच तिथे दोन तास लागतात.

मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन घराण्याच्या मूर्ती होत्या. आठ होत्या असं मानतात. मूर्ती गेल्या, राहिले ते वर कोरलेले नामफलक आणि खाली पावलांचे काही अवशेष. पहिला फलक 'राया सिमुक सातवाहन' याचा, घराण्याच्या संस्थापकाचा. मग देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि. पुढे कुमार भायल, महारठि त्रनकयिरो, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. जुन्या घराच्या भिंतीवरचे फोटो काढून न्यावेत आणि खिळे आणि नावांच्या पट्ट्या तेवढ्या उराव्यात, तशी ही भिंत. पहिल्या खेपेला बहुतेकांना तिथे काहीच दिसत नाही. मग कुणीतरी टॉर्च तिरका धरतं आणि दगडातून पावलं वर येतात.

डाव्या-उजव्या भिंतींवर मोठा लेख आहे, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत. काळ साधारण इसवी सनपूर्व पहिलं शतक. लेख नागनिका राणीचा, तीच मागच्या भिंतीवरची नायनिका. सुरुवात धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून होते. मग राणीची ओळख येते आणि तिथे वाचताना आवाज आपोआप हळू होतो: महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखी जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. नवरा गेल्यानंतरचं हे वर्णन असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मुलं लहान असताना राज्यकारभार तिनेच पाहिला, असाही त्यांचा कयास आहे.

त्यापुढे यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय आणि कितीतरी. प्रत्येकाची दक्षिणा मोजून लिहिलेली: गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी. आकडे शब्दांत नाहीत, अंकांत आहेत. ब्राह्मी अंकांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत या भिंतींची गणना होते. इथे शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. आमच्याबरोबर आलेल्या एका चार्टर्ड अकाउंटंटने अर्धा तास त्या एकाच भिंतीसमोर बसकण मारली होती. त्यांचं म्हणणं, हे व्हाउचर आहे.

दगड खूप झिजलाय, लेखाचा बराच भाग गेलाय. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या लेखावर मेहनत घेतली. पुढे १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरून काढला तोही त्यांनीच, म्हणजे या वाटेची दोन्ही टोकं एकाच माणसाने वाचून ठेवली.

आम्हाला ब्राह्मी येत नाही. कंटाळा येईल का?

गाडीत राजगुरुनगर ते मंचर एवढ्या वेळात सहा अक्षरं शिकवतो. अधिकचं चिन्ह म्हणजे 'क'. नुसता गोल म्हणजे 'ठ'. गोलात टिंब म्हणजे 'थ'. छपराच्या दोन उतरत्या बाजू म्हणजे 'ग'. उभ्या रेघेखाली आडवी रेघ म्हणजे 'न'. नागमोडी उभी रेघ म्हणजे 'र', कधी नुसती सरळही. एवढ्या भांडवलावर भिंतीवर अक्षरं ओळखता येतात. आजवरचा अनुभव असा की मुलं मोठ्यांच्या आधी ओळखतात, आणि मोठ्यांना ते फारसं आवडत नाही.

भाषा तर निम्मी ओळखीचीच आहे. 'महारठि' हा शब्द वाचताना कुणाला अर्थ विचारावा लागत नाही.

तो दगडी रांजण जकातीचा होता हे खरं का?

घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे आणि व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, घाटाला नावही त्यावरूनच पडलं, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. नाव आणि जागा दोन्ही त्या गोष्टीला शोभतात. घाटावर जकात असणारच, आणि जीवधन, चावंड, हडसर असे किल्ले या वाटेभोवती उगाच उभे नाहीत. पण या रांजणातच नाणी पडत होती याला लेखी आधार नाही. आम्ही परंपरा म्हणून सांगतो, इतिहास म्हणून सांगत नाही. रांजणात नाणं टाकून फोटो काढायची हौस असेल तर काढा, नाणं मात्र परत घ्या. वेफर्सची पाकिटं तर त्याहून आधी परत घ्या.

पावसाळ्यात का नेत नाही? उलटा धबधबा तर तेव्हाच असतो.

असतो आणि सुंदर असतो. कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने पुन्हा वर उडतं, माणूस खालून भिजतो. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी माथ्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, धुक्यात लेणं दिसत नाही, पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि माळशेजला दरडी कोसळतात. प्रशासन कधीकधी बंदीही घालतं. आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने ठेवले आहेत. धबधब्यासाठी वेगळं जा, बुधवारी जा.

घाट उतरणं किती अवघड आहे?

दोर लागत नाही, कुठे लटकावं लागत नाही. अडीच-तीन तास लागतात. वरचा टप्पा दगडी पायऱ्यांचा आणि घळीतला, खालचा रानातून. अवघड आहे ते सलग उतरणं. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. पर्वतीच्या पायऱ्या तीनदा चढून-उतरून बघा, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही तर या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी माथ्यापर्यंत यावं, लेणं बघावं आणि गाडीतून वैशाखऱ्याला जावं. दर फेरीत असे दोघं-तिघं असतातच, त्यात कमीपणा काही नाही.

बूट जुने, मुरलेले आणि चांगल्या पकडीचे. नवे बूट याच दिवशी पहिल्यांदा घालणाऱ्यांसाठी आम्ही पट्ट्या ठेवतोच, पण तरीही.

पाणी किती घ्यायचं?

माणशी तीन लिटर. हे आम्ही ठणकावून सांगतो त्याला कारण आहे.

पहिल्या वर्षी आम्हीच शहाणपणा केला. मार्चच्या शेवटी फेरी काढली, लेण्यात रमलो, निघेपर्यंत अकरा वाजले. माणशी एक बाटली होती. घळ संपून उघड्या उतारावर आलो तेव्हा एक वाजला होता, पाणी संपलं होतं आणि एका ताईंना चक्कर आली. सावलीला बसवलं, उरलेली दोन संत्री त्यांना दिली आणि आमच्यातला एकजण खालच्या वस्तीवर पळत जाऊन कळशी भरून घेऊन आला. ताई बऱ्या झाल्या, आम्ही तोंड लपवून बसलो.

लाज याची वाटली की दोनच तासांपूर्वी वर आम्ही सगळ्यांना एक पोढी दाखवत होतो. नाणेघाटातल्या त्या टाक्यावर एक ओळ कोरलेली आहे: 'सोपारयकस गोविंददासस देयधम पोढि'. सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलेलं टाकं. त्याने यज्ञ लिहिले नाहीत, गाई मोजल्या नाहीत. घाट चढून आलेल्या बैलाला आणि माणसाला आधी काय लागतं हे त्याला माहीत होतं. आम्ही ती ओळ वाचून दाखवली, अर्थ सांगितला, फोटो काढले आणि एकेक बाटली घेऊन उतरायला लागलो.

तेव्हापासून मार्च बंद, आठच्या आत उतरायला सुरुवात आणि माथ्यावर प्रत्येकाच्या पिशवीत तीन लिटर आहे का ते हात घालून बघतो. रागावू नका.

टाक्यांतलं पाणी प्यायचं नाही. हात-पाय धुवायलाही त्यात उतरायचं नाही.

मुलांना आणता येईल का?

दहा वर्षांपुढच्या मुलांना जरूर. आई किंवा बाबा सोबत हवेत. कड्याच्या कडेला कुठेही कठडा नाही, तिथे शिस्त आमची चालेल.

राहणं, जेवण, संडास?

मुक्काम घाटघरला गावातल्या घरी. बायकांची आणि पुरुषांची झोपायची सोय वेगळ्या खोल्यांत, सतरंजी-गादी मिळते, पांघरूण आपलं आणा, कारण डिसेंबरात तिथली थंडी पुण्याच्या थंडीला हसते. संडास घराबाहेर पण पक्का आहे. अंधार पडल्यावर एकट्याने लांब भटकू नका. जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे, हे वर्तमानपत्रात वाचलं असेलच.

रात्रीच्या जेवणात मासवडी. नावावर जाऊ नका, मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, सुकं खोबरं, लसूण यांचं सारण भरून गुंडाळी करतात, वड्या कापतात आणि सोबत झणझणीत रस्सा. जुन्नर-आंबेगावची ही खासियत आहे. ज्या काकू करतात त्यांच्या हातची पोळी ओल्या फडक्यावर थापताना बघायची असेल तर सातला स्वयंपाकघरात जा, पण चपला बाहेर काढून. तिखट नको असेल तर आदल्या दिवशी कळवा, रश्श्याचं वेगळं पातेलं लावतात. बरोबर भात असतो, तो त्यांच्याच खाचरातला.

लेख दाखवणारं कोण असतं?

आमच्यापैकी दोघं. आम्ही पुरातत्त्वाचे पदवीधर नाही, हे आधीच सांगतो. वर्षानुवर्षं व्याख्यानं ऐकली, वाचलं, चुका केल्या आणि जाणकारांकडून त्या सुधारून घेतल्या. घाटात मात्र पुढे असतात घाटघरचे एक मामा. हिरडा वेचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कोणता दगड हलतो, कुठे सावली आधी येते हे त्यांना ठाऊक. वाटेत त्यांचं ऐकायचं. लेण्यात ते आमचं ऐकतात, निदान तसं दाखवतात.

लेण्यात फोटो काढता येतात का?

येतात. अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून खडू किंवा कोळसा फिरवायचा नाही, पाणी मारायचं नाही, कागद ठेवून घासायचं नाही. बाजूने टॉर्च धरा, अक्षर आपोआप उभं राहतं. बदाम काढून नावं कोरणारे आमच्याबरोबर अजून तरी कुणी आले नाहीत.

तुमच्याशिवाय, आमचं आम्ही जाऊ शकतो का?

खुशाल जा. जुन्नर स्टँडवरून घाटघरकडे एसटी जाते. फेऱ्या मोजक्याच, वेळ स्टँडवर विचारून घ्या. घाट उतरायचा असेल तर गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याला योग्य ते पैसे द्या. कल्याणच्या बाजूने येणारे वैशाखऱ्याला उतरून चढतात, आणि खरं तर बंदराकडून आलेल्या माणसाची वाट तीच.

येण्याआधी पुण्यात काही बघून ठेवावं का?

डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय. आणि एक रविवार काढून लोकलने मळवली गाठा, भाजे आणि कार्ले करा. तोही असाच घाटवाटेचा भाग, बोरघाटाचा. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची नावं आहेत, आणि वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठींनी तर 'जंबुद्वीपातलं उत्तम' शैलघर, म्हणजे डोंगरात कोरलेलं लेणं, बांधल्याचं बेधडक कोरून ठेवलंय. छताच्या लाकडी कमानी बघायला मान मागे टाका.

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर या मालिकेतलं नाही, ते पुष्कळ नंतरचं, राष्ट्रकूटांच्या काळातलं. तरी जा. रोज समोरून जाता, एकदा आत जा.

फी आणि रद्द करण्याचं काय?

फी प्रत्येक फेरीच्या पत्रकात असते. त्यात गाडी, जेवणं, मुक्काम, लेण्याद्रीचं तिकीट आणि मामांचा मोबदला धरलेला असतो. नारायणगावची मिसळ ज्याची त्याने. आठ दिवस आधी कळवलंत तर पूर्ण पैसे परत, नंतर निम्मे, कारण घाटघरला शिधा भरून झालेला असतो. तुमच्या जागी दुसरं कुणी दिलंत तर एक पैसाही कापत नाही.

रविवारी घरी किती वाजता पोचू?

वैशाखऱ्याला अकराच्या सुमाराला पोचतो, जेवून एकला निघतो. आळेफाट्यापर्यंत गाडीत सगळे झोपलेले असतात. चाकणने कृपा केली तर सातला शिवाजीनगर. नाही केली, तर घरच्यांना साडेआठ सांगून ठेवा.